फ्रिजवरचा लिफाफा

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४
एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया

आपल्या मंडळातल्या, अमेरिकेचे नागरिक झालेल्या सगळ्या काका-काकूंना आणि दादा-वहिनींना,

सा. न. वि. वि.

कोजागिरी यंदा बुधवारी, १६ तारखेला होती. पण आपल्याकडचा चंद्र शनिवारपर्यंत थांबतो, म्हणून आपण १९ तारखेला जमलो. कुणाच्या घरी ते लिहीत नाही. मसाला दूध फार सुरेख झालं होतं आणि मला पुढच्या वर्षीही बोलावणं हवं आहे. दूध आटत आलं तेव्हा काकूंनी मला केशराची डबी आणायला आत पाठवलं. डबी फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. फ्रिजच्या दारावर कालनिर्णयचं पान, नातवाने काढलेला हत्ती, आणि नायगाऱ्याच्या मॅग्नेटखाली एक जाडसर लिफाफा. काउंटीकडून आलेली टपाली मतपत्रिका. न फोडलेली. तिच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटला होता, म्हणजे बरेच दिवस ती तिथेच असावी.

बाहेर येऊन मी काकांना विचारलं, "काका, मत टाकायचं राहिलंय वाटतं?"

काका म्हणाले, "बघू गं. दोघंही सारखेच. आणि आपल्या एका मताने असं काय होणार आहे?"

एवढं बोलून ते वळले ते थेट महाराष्ट्रात. डेकवर तासभर तोच विषय होता. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, कुणाला किती जागा, कुठे बंडखोरी, २८८ पैकी कोण कितीवर अडणार, २० नोव्हेंबरला मतदान म्हणजे दिवाळीनंतर लोक गावाला असतील का शहरात. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ऐकताना मला गंमत वाटत होती, कारण खुर्च्यांवर बसलेल्या आठांपैकी सात जणांनी भारताचा पासपोर्ट केव्हाच परत केला आहे. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, पुण्यात फ्लॅट घेता येतो, मत देता येत नाही. म्हणजे जिथे मत नाही तिथलं सरकार तुम्ही बसवत होतात, आणि जिथे मत आहे तिथलं मत फ्रिजवर.

तेव्हा काही बोलले नाही. ज्यांच्या घरी दूध प्यायलो त्यांनाच शहाणपण शिकवायचं, हे आपल्यात बसत नाही. पण आठ दिवस झाले, तो हळदीचा अंगठा डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून हे पत्र.

माझं आधी सांगून टाकते. मी आणि माझा नवरा भारताचे नागरिक आहोत. १५ दिवसांच्या अंतराने आमच्या दोन्ही देशांत निवडणूक आहे, ५ नोव्हेंबरला इथे आणि २० नोव्हेंबरला तिथे. मत मात्र एकही नाही. इथे नाही, कारण नागरिक नाही. तिथे कागदोपत्री आहे. २०१० साली कायदा बदलला, तेव्हापासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं. पण मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. एक्स्टनहून मिरजेला, एका बोटावर शाई लावून घ्यायला. नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे, त्यामुळे देश सोडला की परतण्याआधी वकिलातीत तारीख मिळवा, मुलाखत द्या, पासपोर्टची वाट बघा. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. मे महिन्यात लोकसभेला ते काठी टेकत जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन आले आणि शाई लावलेल्या बोटाचा फोटो त्यांनी आम्हाला पाठवला. खाली लिहिलं होतं, "तुमचंही टाकलं असं समजा." सांगलीकरांनी त्या वेळी तिन्ही पक्षांच्या गणितावर पाणी ओतून अपक्षाला दिल्लीला पाठवलं, त्यामुळे एका मताने काय होतं हा प्रश्न बाबांना विचारायची सोय नाही.

आता आमच्या घरातली निवडणूक.

पेनसिल्व्हेनियात राहणं म्हणजे काय, हे यंदा न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला सांगून पटत नाही. तिच्याकडे शांतता आहे. तिच्या राज्याचा निकाल सगळ्यांनी गृहीत धरलेला, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. आमच्याकडे अध्यक्ष ठरवणारी १९ इलेक्टोरल मतं आणि कुणाचाच भरवसा नाही. टपालपेटी उघडली की गुळगुळीत कागद घरंगळतात. एकाच दिवशी एकाच बाईचे दोन फोटो येतात, एकात ती देवी, दुसऱ्यात चेटकीण. ईगल्सची फुटबॉल मॅच लावावी तर प्रत्येक ब्रेकला कुणीतरी कुणाला तरी देशाचा शत्रू म्हणतं. धाकटीला त्या जाहिराती पाठ झाल्या आहेत. जाहिरातीच्या शेवटचं "हा संदेश मला मान्य आहे" हे वाक्य ती आता घरात वापरते. भाजी नको असेल तर ताट सरकवून म्हणते, "हा संदेश मला मान्य नाही."

दारावर रोज माणसं येतात. बहुतेक कॉलेजची पोरं, हातात फोन, फोनमध्ये पत्त्यांची यादी. चुकून आमचं दार वाजवतात. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांची नावं अजून यादीत असावीत. गेल्या रविवारी दार धाकटीने उघडलं. मी आत कणीक मळत होते, आवाज येत होता. मुलाने विचारलं, घरात कुणी मतदार आहे का? धाकटीने जरा विचार केला. "मी सिटिझन आहे," ती म्हणाली, "पण मी नऊ वर्षांची आहे. आई-बाबा मोठे आहेत पण ते सिटिझन नाहीत. दादा दोन्ही नाही." तो बिचारा मुलगा हसला, तिला एक बिल्ला दिला आणि पुढच्या घरी गेला. कणकेच्या हातांनी मी तशीच उभी राहिले. आमच्या घराची इतकी नेमकी मोजदाद आजवर कुठल्या वकिलालाही करता आली नव्हती.

दादा दोन्ही नाही. त्याचंच सांगायचं आहे.

थोरला मिरजेला जन्मला, १४ फेब्रुवारी २००८ ला. आम्ही २०११ मध्ये इथे आलो तेव्हा तीन वर्षांचा होता. मराठी घरात बोलतो, आजोबांशी तर मिरजेच्या हेलात बोलतो, पण शाळा, मित्र, बेसबॉल, पहिलं प्रेमबीम जे काय असेल ते, सगळं इथलं. तो एच-फोरवर आहे, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. त्यावर मुलांना काम करता येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात त्याचे मित्र वॉटर आइसच्या दुकानात उभे राहून तासाचे पैसे कमावतात आणि हा दुकानाबाहेर सायकलला टेकून त्यांची सुट्टी व्हायची वाट बघतो. दुकानदाराने दोनदा विचारलं, "तू का येत नाहीस कामाला?" दोन्ही वेळा याने सांगितलं, "आई सोडत नाही." माझ्यावर घेतलं पोराने.

आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज मार्च २०१५ चा. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे सरकार दर महिन्याला व्हिसा पत्रकात सांगतं. पुढच्या महिन्याच्या पत्रकात आमच्या श्रेणीतली भारताची तारीख आहे १५ जुलै २०१२. पावणेतीन वर्षांचं अंतर, फार नाही असं वाटेल. पण ही तारीख मुंगीच्या पावलाने पुढे सरकते, कधी महिनोन्महिने जागची हलत नाही, आणि एखाद्या वर्षी चक्क मागे जाते. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली, त्यात कुटुंबंही आली, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही. आइसलँडला सात टक्के, भारतालाही सात टक्के. म्हणून ही रांग. आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून त्याचं नाव गळतं. मग त्याने विद्यार्थ्याचा व्हिसा काढायचा, परदेशी विद्यार्थी म्हणून राहायचं, किंवा ज्या देशातून तिसऱ्या वर्षी निघाला तिथे परत जायचं. अशा मुलांची संख्या अडीच लाखांच्या घरात सांगतात. त्यातला एक आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून फोडणीतल्या कढीपत्त्याची पानं वेचून बाजूला काढतो.

आता एक हिशेब करा. ५ तारखेला जो कुणी निवडून येईल त्याची किंवा तिची मुदत २० जानेवारी २०२९ ला संपेल. त्यानंतर पंचवीस दिवसांनी माझा मुलगा एकवीस वर्षांचा होईल. या अध्यक्षाची चार वर्षं हीच त्याची चार वर्षं. तुम्ही जेव्हा म्हणता की या वेळी नाही तर पुढच्या वेळी बघू, तेव्हा आमच्याकडे पुढची वेळ नसते.

धाकटी एप्रिल २०१५ ची. अठरा वर्षांची होईल २०३३ ला, म्हणजे आमच्या घरातलं अध्यक्षपदाचं पहिलं मत २०३६ साली पडेल. त्याच वर्षी ती एकवीस वर्षांची होईल आणि नागरिक मुलगी म्हणून आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकेल. आमची रांग आधी संपते का पोरगी आधी मोठी होते, अशी नवरा-बायकोची पैज आहे. नवऱ्याने पोरीवर लावली आहे. ती भावासाठीही अर्ज करू शकेल, पण त्या रांगेबद्दल न बोललेलं बरं.

"दोघंही सारखेच," काका म्हणाले. काका, तुमच्या दृष्टीने असतीलही. तुमचं घर फिटलं, म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, सुरू झाला, मुलगी बॉस्टनला डॉक्टर. पण आमच्यासारख्या बिऱ्हाडाला वॉशिंग्टनमधल्या एका सहीने काय होतं ते मी अंगावर काढलं आहे. आल्यावर चार वर्षं मला नोकरी करायची मुभा नव्हती. मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन मी चार वर्षं वरण-भात आणि किंडरगार्टनचे प्रोजेक्ट केले. मे २०१५ मध्ये ओबामांच्या सरकारचा नियम लागू झाला, एच-फोरवरच्या काही नवरा-बायकोंना काम करायला परवानगी मिळाली, आणि मी धाकटीला मांडीवर घेऊन फॉर्म भरला. पुढच्या, ट्रम्प यांच्या सरकारने तो नियम काढून टाकायचं जाहीर केलं. तीन-चार वर्षं दर सहा महिन्यांनी बातमी यायची, आता जाणार, आता जाणार. गेला नाही, पण त्याच काळात एकदा माझं कार्ड नव्याने यायला इतका उशीर झाला की पाच महिने मला घरी बसवलं गेलं. या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तो नियम पुन्हा एकदा उचलून धरला. नियम आहे, कायदा नाही. सहीने आला, सहीने जाऊ शकतो.

यावरून मी कुणाचा प्रचार करते आहे असं समजू नका. नाण्याला दुसरी बाजू आहे आणि तीही मी पाहिली आहे. गेली चार वर्षं दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष आहे, आणि आमची रांग काही लहान झाली नाही. जूनमध्ये ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले की इथल्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबरच ग्रीन कार्ड मिळायला हवं. थोरला खोलीतून ओरडतच बाहेर आला. रात्रीपर्यंत त्यांच्याच लोकांनी त्याला अटी जोडल्या आणि हा गप्प होऊन जेवला. १० जुलै २०१९ ला प्रतिनिधिगृहाने देशागणिक मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं होतं. दोन्ही पक्षांनी मिळून. आम्ही त्या रात्री शिरा केला होता. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला, दोन मसुदे जुळवायच्या आत ती काँग्रेस संपली, आणि विधेयक मेलं. शिऱ्याचं सोडा, इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. एकवीस वर्षांच्या मुलांसाठीचं वेगळं विधेयकही २०२१ पासून पडून आहे. त्याच्यावरही दोन्ही पक्षांच्या लोकांच्या सह्या आहेत.

म्हणून सांगते, त्या लिफाफ्यात फक्त अध्यक्षाचं नाव नाही. सिनेटवर बॉब केसी का डेव्हिड मॅककॉर्मिक, हेही त्यात आहे. प्रतिनिधिगृहाची जागा आहे. आमच्या मुलांची विधेयकं जिथे जाऊन मरतात, त्या खोलीत कोण बसणार हे त्याच कागदावर ठरतं. तुमचं मत कुणाला, हे मला सांगू नका. मी विचारणारही नाही. फक्त मत मागायला जो येईल त्याला एकदा विचारा, या मुलांचं काय करणार? आम्ही विचारतो तेव्हा त्यांची नजर फोनमधल्या यादीकडे जाते, कारण यादीत आम्ही नसतो. तुम्ही असता.

आणि एका मताने काय होतं? २०१६ मध्ये या राज्यात निकाल सुमारे ४४ हजार मतांनी लागला. राज्यात मतदान केंद्रं नऊ हजारांच्या वर. थोरल्याने भागाकार करून दाखवला, केंद्रामागे पाच मतंसुद्धा होत नाहीत. पाच मतं म्हणजे आपल्या भजनाची पुढची ओळ. २०२० मध्ये सुमारे ६९ लाख मतं पडली आणि फरक ८० हजारांचा. तोही काही फार नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीला जेवढी माणसं पंगतीला बसतात, त्यातल्या नागरिकांनी एकदा मनावर घेतलं तर एखाददुसऱ्या केंद्राचा रंग बदलेल. बेळगावचा मराठी माणूस, श्री ठाणेदार, डेट्रॉईटमधून खासदार झाला तेव्हा मंडळात पेढे वाटले होते. ते पेढे मीही खाल्ले. पण ती मतं दुसऱ्या राज्यातल्या लोकांनी टाकली होती. आपण फक्त पेढे खाल्ले.

आता जे लिहायचं आहे ते जरा टोचेल. तरी लिहिते.

यंदाच्या मोसमात मुलांच्या कानांवर जे पडलं त्याची मला जास्त काळजी आहे. १३ जुलैला आपल्याच राज्यात बटलरला ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला, तेव्हा आपण सगळे पिकनिकहून परतत होतो. गाडीत बातमी ऐकून धाकटीने विचारलं, "मत द्यायला आपल्या शाळेतच येतात ना लोक?" मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. मीही बोलले नाही. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि ट्रम्प यांचा वादविवाद झाला, आपल्यापासून तासाभरावर. त्या दिवशी घरी गौरी आल्या होत्या. मुखवटे मांडून, मुलांना जागायची परवानगी देऊन आम्ही चौघं टीव्हीपुढे बसलो. माझ्या मनात एक भाबडी गोष्ट होती. स्टेजवर जी बाई उभी आहे तिची आई, श्यामला गोपालन, १९५८ साली एकोणीस वर्षांची असताना मद्रासकडची पोर म्हणून बर्कलीला शिकायला आली होती. आणि समोरच्या पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची बायको उषा, तिचंही माहेर तेलुगू. कुणीही जिंको, माझ्या मुलीला दिसावं की आपल्यासारख्या घरातून माणसं तिथपर्यंत जातात. आणि मग ट्रम्प यांच्या तोंडी ओहायोमधलं स्प्रिंगफील्ड आलं. स्थलांतरित लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात म्हणे. दोन दिवसांनी शाळेच्या बसमध्ये एका मुलाने धाकटीच्या डब्यातल्या पोळीभाजीकडे बघून म्याव केलं. घरी येऊन ती म्हणाली, "उद्यापासून मला सँडविच दे."

तो मुलगा परका होता. त्याला माझ्या मुलीचं काही देणंघेणं नव्हतं. पण आपल्याच पॉटलकमध्ये एका दादांनी थोरल्याच्या पाठीवर थाप मारून "काय रे, बॅग भरलीस का? आता तुम्हाला जावं लागणार!" असं म्हटलं, तेव्हा तो हसला. सोळा वर्षांचा मुलगा मोठ्यांपुढे जसा हसतो तसा. दादांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. पण त्या रात्री त्याने मला विचारलं की मिरजेला कॉम्प्युटर सायन्स कुठे आहे. चेष्टा म्हणून विचारत नव्हता.

आणि एक वाक्य मी वर्षभरात तीन घरांत ऐकलं. "आम्ही रीतसर रांगेत उभं राहून आलो, आता जरा दार लावलेलंच बरं." काकू, रांगेतच आहोत हो आम्ही. तुम्ही आलात तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांचं काम दोन-चार वर्षांत झालं, कारण रांग बसथांब्याएवढी होती. आता ती कुठवर गेली आहे ते तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही आत आहात आणि आत छान उबदार आहे. गरज सरो, वैद्य मरो, हे आपल्याच भाषेत आहे म्हणून आठवलं. राग मानू नका. मानलात तरी मत द्यायला जा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नागरिकत्वाच्या परीक्षेचे ते शंभर प्रश्न पाठ केले, तेव्हा तुमची उजळणी घ्यायला मीच बसायचे. एका काकूंना वाटेत गाडीतसुद्धा विचारत गेले होते. त्यात एक प्रश्न होता, अशी एक जबाबदारी सांगा जी फक्त अमेरिकन नागरिकांचीच असते. तुम्ही दर वेळी बरोबर उत्तर द्यायचात. मला ते अजून पाठ आहे, आणि माझा काही उपयोग नाही.

आता कामाचं, कारण वेळ कमी आहे.

लिफाफा फोडा. आत मतपत्रिका, एक लहान लिफाफा आणि एक मोठा लिफाफा आहे. मतपत्रिका आधी लहान लिफाफ्यात घालायची, मग तो मोठ्यात. लहान लिफाफा नाही घातला तर मत बाद होतं, आणि आपल्याकडे तो कचऱ्यात जायची शक्यता दांडगी. मोठ्यावर सही करा आणि तारीख घाला. तारीख त्या दिवशीची, जन्माची नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, माणसं हमखास चुकतात. मंगळवारी, ५ तारखेला, रात्री आठच्या आत तो काउंटीत पोचला पाहिजे. टपालाचा शिक्का आधीचा आहे म्हणून चालत नाही, तेव्हा आता पोस्टाच्या भरवशावर न राहता काउंटीच्या पेटीत टाका. मी स्वतः सगळ्यांचे गोळा करून टाकले असते, पण तसं करता येत नाही. ज्याचं त्यानेच टाकायचं, असा इथला कायदा आहे. आणि केंद्रावर जाऊनच मत द्यायची हौस असेल तर आलेलं सगळं बाड, लिफाफ्यासकट, बरोबर न्या. तिथे ते रद्द करून तुम्हाला नेहमीसारखं मत देऊ देतात.

मला माहीत आहे, आठवडा वाईट आहे. उद्या वसुबारस. गुरुवारी इथलं लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, त्यामुळे माझ्या दारात आकाशकंदिलाखाली भोपळा आहे आणि धाकटी चेटकिणीच्या कपड्यांत लक्ष्मीला नमस्कार करणार आहे. मिरजेला पूजा शुक्रवारी, म्हणून आईचा दोनदा फोन येणार. रविवारी भाऊबीज, त्याच दिवशी घड्याळं एक तास मागे. सगळं मान्य. पण मतदानाच्या मंगळवारी आमच्या शाळांना सुट्टी आहे आणि मी रजा टाकली आहे. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत कुणाचीही मुलं माझ्याकडे सोडा. चकल्या उरलेल्या असतील. तळघरात कॅरम आहे.

ज्या काकांना गाडी चालवायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठीही सोय आहे. थोरल्याला ऑगस्टमध्ये लायसन्स मिळालं. त्याची मुदत आमच्या व्हिसाइतकीच आहे, पण मंगळवारपर्यंत नक्की चालेल. तुम्हाला केंद्रावर नेऊन परत आणायला तो तयार आहे. यादी त्यानेच केली आहे, आतापर्यंत चार नावं आहेत. आत तो येणार नाही. तुम्ही परत येईपर्यंत बाहेर गाडीत बसून राहील.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
दोन मुलांची आई

ता. क. काकू, केशराची डबी मी होती तिथेच ठेवली आहे. लिफाफाही.